हुकाखालचा माणूस

त्या वर्षी मार्चच्या शेवटी आमची डिटॅचमेंट, म्हणजे हवाई दलाची छोटी तुकडी, हिमाचलच्या वरच्या भागात गेली. काम सहा दिवसांचं होतं. दरड कोसळून एक रस्ता तुटला होता आणि पलीकडच्या बाजूला काम करायला यंत्रं नव्हती. दोन पोकलेन उचलून पलीकडं न्यायच्या होत्या. पलीकडं हेलिकॉप्टर उतरायला जागा नव्हती, फक्त कड्याला चिकटलेला रस्ता होता. त्यामुळं माल पोटाखाली टांगून न्यायचा आणि हवेत स्थिर राहून खाली ठेवायचा, असं ठरलं.

मी ज्युनियर वॉरंट ऑफिसर होतो. ट्रेडनं फ्लाइट गनर, पण आमच्या हेलिकॉप्टरवर या माणसाचं खरं काम लोडमास्टरचं. म्हणजे माल किती वजनाचा, कुठं ठेवायचा, कसा बांधायचा, कधी उचलायचा हे पाहणारा. गाव भोंगवली, तालुका भोर. नोकरीचं एकविसावं वर्ष चालू होतं.

गावाकडं लोक विचारतात की हे हेलिकॉप्टर केवढं मोठं. मी सांगतो ते त्यांना खरं वाटत नाही. पंख्याला आठ पाती. पंख्याचा व्यास बत्तीस मीटर. भोरच्या एस.टी. स्टँडवर आडवं-उभं कसंही ठेवलं तरी पाती कुठंतरी लागतील. रिकाम्या यंत्राचं वजन अठ्ठावीस टन, आणि सपाटीवर ते आणखी वीस टन उचलतं. दोन इंजिनं, एकेक अकरा हजार अश्वशक्तीच्या वर. एक बंद पडलं तर दुसरं जोर वाढवून सांभाळून घेतं. मागची दारं शिंपल्यासारखी दोन्हीकडं उघडतात आणि आत ट्रक चढतो. क्रू पाच जणांचा.

पण हे सगळे आकडे सपाटीचे. दहा हजार फुटांवर हवा विरळ असते, पात्यांना पकड मिळत नाही. वीस टनांचे निम्मेही राहत नाहीत. वर ऊन चढलं की आणखी कमी होतं. म्हणून पहाटे उजेड झाला की काम सुरू आणि दहा वाजता बंद. इंधनही मोजूनच भरायचं, कारण इंधनालाही वजन असतं. अशा ठिकाणी लोडमास्टरनं लिहून दिलेल्या कागदावर पाच माणसांचा जीव असतो. त्याला आम्ही लोडशीट म्हणायचो. त्यावर सही माझी असायची.

सार्जंट हणमंत भुरुक हा आमचा जमिनीवरचा माणूस. मालाला वायर रोप बांधणं आणि हुक अडकवणं त्याच्याकडं होतं. गाव वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याची वाडी. दोन वर्षं आम्ही एकत्र होतो. शेजारच्या तालुक्यातला म्हणून इतरांसमोर सॅल्यूट करायचा आणि एकटे असलो की "सर" म्हणतच माझी टर उडवायचा.

पहिल्याच दिवशी त्यानं पोकलेनभोवती एक चक्कर मारली, चाकांच्या जागी असते त्या लोखंडी चेनमध्ये हात घातला आणि माझ्याकडं आला.

"सर, मशीन जड हाय."

"साडेसात टन. खोदायचा हात आणि बकेट काढल्यावर. कंपनीच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनातून वजा करून काढलंय."

"प्लेट कारखान्यात लावली. चिखल हितं लागला. दोनी चेनात गच्च भरून गोठलाय."

"किती असेल चिखल? दहा-वीस किलो."

तो हसला. "भोंगवलीला पाऊस तरी पडतो का? आमच्याकडं भातलावणीला गुडघाभर चिखलात हुबं ऱ्हातो आमी. चिखलाचं वजन आमाला इचारा."

"वजन हे माझं काम आहे. तू हुक बघ."

"व्हय," तो म्हणाला आणि गेला.

मी त्याचं बोलणं मनावर घेतलं नाही. माझ्या गावची जमीन कोरडी. चिखल म्हणजे बुटाला लागतो तो, एवढीच माझी कल्पना होती.

तिसऱ्या दिवशी पहिल्या पोकलेनचं धूड उचललं. मी पोटातल्या झरोक्यापाशी पालथा पडलो होतो, कमरेला पट्टा, कानाला इंटरकॉम. वायर रोप ताणले गेले आणि माल जमिनीपासून सुटला. लगेच पुढून कॅप्टनांचा आवाज आला.

"लोडमास्टर, शीटवर किती आहे?"

"साडेसात टन, सर."

मग फ्लाइट इंजिनिअरचा आवाज. "आठच्या वर आहे. पॉवर तेच सांगते."

मग कॅप्टन म्हणाले, "जातोय. पण घासून."

माल पलीकडं नीट ठेवला. परत उतरल्यावर कॅप्टनांनी मला बाजूला घेतलं. शांत माणूस. आवाज चढवत नसत. "माझ्याशी कोणीतरी खोटं बोलतंय," ते म्हणाले. "कागद तरी, माणूस तरी. शोधा."

कागद माझा होता. म्हणून मी माणूस शोधायला लागलो. आज हे वाक्य मी सहज लिहितो. तेव्हा ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

संशयाला आधार नव्हता असं नाही. डोंगरात एक जुनी रीत आहे. उड्डाणं कमी, त्यामुळं जो तो आपलं सामान दुसऱ्याच्या मालात घुसवतो. ड्रमच्या मागं रॉकेलचा कॅन, जनरेटरच्या पेटीत पिठाची पोती. मी स्वतः असं सामान कितीदा पकडलं होतं. रस्त्याच्या कामावरच्या लोकांना विचारलं. त्यांनी शपथा घेतल्या. इथं उरलेल्या मशीनची केबिन उघडून पाहिली. काही नव्हतं. मग मी आमच्याच माणसांकडं पाहायला लागलो. कोण कोणाशी बोलतं, कोण जेवायला उशिरा येतं. एकदा संशयानं बघायला लागलं की साध्या गोष्टीही साध्या दिसत नाहीत. भुरुक दोन दिवस जेवायला उशिरा येत होता.

त्याच दिवशी १७४० वाजता, अजून उजेड होता, मी दुसऱ्या पोकलेनकडं पाहिलं. भुरुक तिच्या उजव्या बाजूला उभा होता. खांद्यावर भरलेलं पोतं. केबिनचं दार उघडं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. मी दिसताच मान वळवली.

मी हाक मारली नाही. सरळ तंबूत गेलो आणि डिटॅचमेंट कमांडरला दहा ओळी लिहून दिल्या. त्यात भुरुकचं नाव घातलं. "अनधिकृत सामान चढवताना पाहिले" असं लिहिलं. मी पाहिलं होतं फक्त एक पोतं आणि एक माणूस. चढवताना पाहिलं नव्हतं.

कमांडर म्हणाले, "उद्या माल पलीकडं उतरला की तिथं उघडून तपासा. तोपर्यंत कोणाला कळू देऊ नका."

मी आणखी एक गोष्ट केली, आणि ती कोणी सांगितली नव्हती. १८०० वाजता पोकलेनपाशी पहारा लावला. सकाळी हुक लावायच्या वेळेपर्यंत कोणालाही जवळ जाऊ द्यायचं नाही, असा हुकूम दिला. मला वाटलं, पुरावा जागेवर राहील.

सकाळी ०८४० ला भुरुक माझ्यापाशी आला. डोळे लाल होते.

"सर, मशीन अर्धा तास मागं ठिवा."

"का?"

"डाव्या चेनमदी अजून चिखल हाय. रातच्याला जाऊ दिलं न्हाई मला. मला येकदा काम करू द्या."

"काल संध्याकाळी काय करत होतास?"

"त्येच करत व्हतो. चिखल काढत व्हतो."

"पोत्यात?"

"मग काय खिशात?"

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मला तो निर्ढावलेला वाटला. चिखल हे त्यानं पहिल्या दिवसापासून रचलेलं निमित्त आहे, असं माझ्या मनानं घेतलं. आत ठेवलेलं त्याला आता बाहेर काढायचं आहे.

"टेक-ऑफची वेळ झाली," मी म्हणालो. "हुकापाशी जा."

तो उभा राहिला. "सर, तुमी माझ्यावर संशय घेताय का?"

मी घड्याळाकडं पाहिलं. त्यानं सॅल्यूट केला आणि गेला. इतरांसमोर असताना तो सॅल्यूट करायचा. त्या वेळी आम्ही दोघंच होतो.

०९०५ ला इंजिनं सुरू झाली. ०९१४ ला आम्ही मालाच्या वर आलो. या यंत्राच्या पंख्याखालची हवा काय असते हे सांगायला हवं. माणूस सरळ उभा राहू शकत नाही. खडी उडते, तंबूच्या खुंट्या उपटतात. पोटाखाली कॅमेरे असतात आणि पायलटला समोरच्या पडद्यावर माल दिसतो, पण धुरळा उठला की पडदा पांढरा होतो. मग फक्त झरोक्यातून बघणारा माणूस उरतो. त्याचा शब्द म्हणजे पायलटचे डोळे.

मी बघत होतो. भुरुकनं हुक अडकवला आणि वाकून वर्तुळाबाहेर गेला. तीस मीटरवर चुन्यानं आखलेली रेघ होती. माल उचलताना तिच्या आत कोणी थांबायचं नाही.

"हुक लागला. माणूस बाहेर. हळू वर," मी म्हणालो.

वायर रोप ताणले गेले. चार रोपांपैकी उजवीकडचे दोन ढिले राहिले. मला ते दिसलं, पण अर्थ लागला नाही. भुरुकला लागला. उजवी चेन त्यानं साफ केली होती आणि डावीत चिखल तसाच होता. माल एका बाजूला जड होता. तो रेघ ओलांडून आत धावला आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. आमच्याकडं त्याचा एकच अर्थ आहे. थांबा, उचलू नका.

धुरळा होता. पण मधे दोन-तीन सेकंद तो फाटला. मला हात दिसले. त्याचं तोंड उघडलेलं दिसलं.

कॅप्टन म्हणाले, "स्क्रीन व्हाइट. लोडमास्टर, कन्फर्म ग्राउंड क्लिअर."

माझ्या मनात आलं, शेवटच्या क्षणापर्यंत धडपड चालली आहे याची. आता थांबलो तर तो पोती काढून घेईल आणि मी खोटा पडेन. तो भिऊन आपोआप मागं पळेल, असंही वाटलं.

मी म्हणालो, "ग्राउंड क्लिअर. लिफ्ट."

माल सुटला. सुटताच डावीकडं कलला, गरकन फिरला आणि डावी बाजू झाडूसारखी जमिनीवरून गेली. वेळ ०९१८.

"खाली! खाली! माणूस आत!" हे मीच ओरडलो. कॅप्टनांनी माल ताबडतोब टेकवला आणि हुक सोडला. त्यांचा हात जराही चुकला नाही. हे मी इथं मुद्दाम लिहितो.

०९३१ ला आम्ही भुरुकला घेऊन उडालो. त्या पोटात ब्याऐंशी जवान बसतात. त्या दिवशी स्ट्रेचरवर एक माणूस होता आणि बाजूला मी. त्यानं माझ्याकडं पाहिलं. इंजिनांच्या आवाजात तो बोलला असता तरी ऐकू आलं नसतं. १००५ ला खालच्या हेलिपॅडवर डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली.

दुपारी पोकलेन उघडली. केबिनमध्ये नट-बोल्टचे पाने, एक ग्रीसचा डबा आणि ड्रायव्हरची घोंगडी. मागच्या उतारावर नऊ पोती सापडली. सगळ्यांत गोठलेला चिखल. शेजारी एक पहार आणि एक ताणकाटा, आकड्याला अडकवून वजन करायचा. त्याच्या घरी रानातला हिरडा गोळा करून विकायचे. व्यापाऱ्याच्या काट्यावर त्यांचा विश्वास नसे, म्हणून घरचा काटा ठेवलेला. तो काटा त्यानं ट्रंकेत घालून इथवर आणला होता. एका चेनचा चिखल नऊ पोती भरला होता. माझी लोडशीट कुठं चुकली होती, ते त्या उतारावर पडलेलं होतं.

चौकशी बसली. मला विचारलं, "जमिनीवरून थांबण्याचा इशारा दिसला?"

मी म्हणालो, "नाही, सर. धुरळा होता."

कॅमेऱ्यात पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. वर्तुळावरचे इतर जण तोंड झाकून पाठमोरे बसले होते. माझं म्हणणं खोडणारा कोणी नव्हता. अहवालात आलं की मृत सार्जंटनं आखलेली हद्द ओलांडली. सामानाबद्दलचा संशय निराधार, असंही आलं. पण ते फाईलमध्ये राहिलं. भोरकडचा एक एअरमन अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी रजेवर गेला होता आणि तपासाची गोष्ट त्याच्याबरोबर नसरापूरच्या बाजारात आधीच पोहोचली होती.

अहवाल यायच्या आधीच पार्थिवाबरोबर मलाच पाठवलं होतं. त्याच भागातला म्हणून. वेल्ह्यात बाजार बंद ठेवला होता. वाडीपर्यंत लोक चालत आले. अग्नी दिल्यावर त्याचे वडील तात्या माझ्यापाशी आले. त्यांनी माझा हात धरला.

"म्या लई इचारत न्हाई. माझ्या पोरानं चोरी केली का न्हाई, यवडंच सांग."

मी म्हणालो, "चौकशी चालू आहे, तात्या."

नऊ पोती चिखल मी डोळ्यांनी पाहिला होता. "नाही" हा एक शब्द पुरे होता. पण तो म्हटला असता तर पुढचा प्रश्न आला असता की मग तो आत का धावला. तात्या पुढच्या वर्षी गेले. ते उत्तर त्यांना मिळालं नाही.

मी दोन वर्षांनी निवृत्त झालो. शिवऱ्याला हायवेलगत एका गोदामावर सुपरवायझर म्हणून लागलो. दरवर्षी त्या तारखेला मोटरसायकल काढून वाडीवर जायचो. त्याची बायको मंगल वहिनी अंगणवाडीत मदतनीस आहेत. चहा द्यायच्या. मी फोटोला हार घालायचो आणि निघायचो. घरात बसलो की मला वाटायचं, यांना माहीत आहे. त्या कपबशी खाली ठेवून माझ्या हातांकडं बघायच्या. एका वर्षी त्यांनी विचारलंच.

"भाऊजी, ह्यांच्याबरूबर येवडी मानसं व्हती. कोन येत न्हाई. तुमीच का येता?"

"गाववाले आहोत ना, वहिनी."

"आसं," त्या म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसला नाही, हे मला कळलं. आणि मला कळलं, हे त्यांनाही कळलं.

नऊ वर्षं अशी गेली. मग गेल्या उन्हाळ्यात वेल्ह्यातल्या माजी सैनिकांनी सेवेत असताना मरण पावलेल्या जवानांच्या नावाचा दगड उभा करायचं ठरवलं. तहसील कचेरीजवळच्या एका खोलीत सकाळी अकराला बैठक होती. मला बोलावलं, कारण भुरुकच्या नावाला दोघांनी हरकत घेतली होती. वहिनी दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या. सुभेदार शिळीमकर अध्यक्ष होते.

हरकत घेणारा एक निवृत्त हवालदार उठला. "आमचं वाकडं न्हाई कुनाशी. पन त्यांच्यावर चौकशी व्हती म्हनं. सामानाची. उद्या कुनी बोललं तर बाकीच्या नावांना बट्टा."

दुसरा म्हणाला, "आन् स्वतःच्या चुकीनं गेला, आसं कागदात हाय म्हनं."

सुभेदार माझ्याकडं वळले. "तुम्ही तेव्हा तिथं होता. तुम्हीच सांगा. नाव लावायचं का नाही?"

मी नुसतं "लावा" म्हटलं असतं तरी कदाचित भागलं असतं. पण हवालदार माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या नजरेत जे होतं ते मी ओळखत होतो. पोत्याकडं बघताना माझ्याही नजरेत तेच असणार.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. चिखल, पहारा, दहा ओळी, फुली, इंटरकॉमवर मी काय बोललो, चौकशीत काय बोललो. वेळांसकट सांगितलं. पाच-सात मिनिटं लागली असतील. बाहेर एस.टी. उभी राहून निघून गेली.

मग वहिनी बसल्या जागेवरून बोलल्या.

"धुरळा व्हता का न्हवता?"

"होता. पण हात दिसले."

"दोनी?"

"दोन्ही."

"तोंड दिसलं?"

"दिसलं, वहिनी."

त्यांनी पदर नीट केला. हवालदाराला म्हणाल्या, "आयकलं का, दाजी? मशीन साफ करत व्हते ते. आन् थांबा म्हनायला गेले." मग सुभेदारांना म्हणाल्या, "नाव लावा. पुरं लावा, बापाच्या नावासकट." आणि मग माझ्याकडं न बघता, "तुमी आता घरी येत जाऊ नका."

हवालदार मान खाली घालून म्हणाला, "माझी हरकत न्हाई."

जे सांगितलं ते मी लिहून, सही करून माझ्या जुन्या खात्याकडंही पाठवलं आहे. त्याचं जे व्हायचं ते होईल.

दगड पंधरा ऑगस्टला उघडला. मी आत गेलो नाही. रस्त्याच्या पलीकडं, पत्र्याच्या शेडखाली उभा राहिलो. पाऊस बारीक होता. सुभेदारांनी पाच नावं वाचली. प्रत्येक नावानंतर घरचं माणूस पुढं येऊन फूल ठेवत होतं. चौथं नाव आलं, "सार्जंट हणमंत तुकाराम भुरुक." मी सावधान झालो आणि सॅल्यूट केला. वहिनी पुढं आल्या, फूल ठेवलं, आणि परत फिरताना त्यांना मी दिसलो. त्या थांबल्या. मागच्या माणसालाही थांबावं लागलं. मग त्यांनी छत्री उघडली आणि त्या गर्दीत गेल्या.

सुभेदारांनी पाचवं नाव वाचलं. मी हात खाली घेतला नाही.